गावात राहून इंटर्नशिप होते का, ताई?

पत्र थोडक्यात: मालवण तालुक्यातल्या एका गावातून एका मुलीचं पत्र आलंय. एसवाय बीएची परीक्षा नुकतीच झाली, समाजशास्त्र हा मुख्य विषय, जूनपासून टीवाय. वडील रापणीला (किनाऱ्यावरून ओढायच्या पारंपरिक जाळ्याच्या मासेमारीला) जातात, आई बाजारात मासे विकते, धाकटा भाऊ दहावीत जातोय. मुंबईतल्या एका संस्थेने दोन महिन्यांच्या इंटर्नशिपला हो म्हटलंय, पण मानधन नाही. राहायचं ठाण्याजवळ दिव्याला, मावशीच्या वन रूम किचनमध्ये, आणि पास, खाणं, मोबाईल धरून महिन्याला सात-आठ हजार घरून न्यावे लागणार. दुसरीकडे इन्स्टावर एक कंपनी 2,999 रुपये भरले की घरबसल्या 'सोशल रिसर्च इंटर्नशिप'चं सर्टिफिकेट देतेय, वर्गातल्या दोघींनी ते घेतलंय पण. ती लिहिते, "ताई, माझ्या सीव्हीत लिहायला एक ओळ नाही. गावात तर काहीच नाही. शेजारची काकी रोज विचारते, बीए करून करतलंस काय? बाबा म्हणतात पैशाचं मी बघतो, तू जा. पण जून-जुलैत आमच्या घरात पैसे नसतात हे मला माहितीये. मुंबईला जाऊ, सर्टिफिकेट घेऊ, की समाजशास्त्र घेतलं तिथेच चुकलं?"

---

सर्टिफिकेटचं आधी मिटवूया, कारण ते सोपं आहे. घेऊ नकोस. काम करून घेणारा माणूस आपल्याला पैसे देतो, किंवा निदान शिकवतो तरी, आणि जो आपल्याकडूनच पैसे घेऊन 'इंटर्न' म्हणतो तो कोर्स विकतोय. कोर्स विकण्यात वाईट काही नाही, पण मग त्याला कोर्स म्हणावं. उद्या मुलाखतीत समोरचा माणूस दोनच गोष्टी विचारतो, तू नक्की काय केलंस, आणि तुझ्या कामाबद्दल मी कोणाला फोन करू. त्या पीडीएफमध्ये या दोन्हीचं उत्तर नसतं. तुझ्या ज्या मैत्रिणींनी पैसे भरलेत त्यांना नावं ठेवू नकोस, त्यांना एवढंच सांग की तिथे कोणी मार्गदर्शक असेल तर त्याच्या मागे लागून निदान एक रिपोर्ट वाचून घ्या, म्हणजे पैसे अगदीच पाण्यात जाणार नाहीत.

आता मुंबई. तुझे बाबा 'मी बघतो' म्हणाले हे वाचून मला फार बरं वाटलं, मुलीच्या शिक्षणासाठी असं म्हणणारा बाप पाठीशी असणं मोठी गोष्ट आहे. पण तू स्वतःच लिहिलंयस ना, जून-जुलैत घरात पैसे नसतात. पावसाळी मासेमारी बंदी 1 जूनला लागते, होडी वर ओढलेली असते, आईकडे विकायला ताजा मासा नसतो, आणि नेमक्या त्याच दोन महिन्यांत तुझ्यासाठी पंधरा हजार बाहेर काढायचे म्हणजे ते कोणाकडून तरी उचलावे लागणार. बाबा हे तुला सांगणार नाहीत. आणि तू समाजशास्त्राची विद्यार्थिनी आहेस तर हाही विचार कर, की बिनपगारी इंटर्नशिप कोणाला परवडते? ज्याचं घर दादरला नाहीतर ठाण्याला आहे, सकाळी डबा घेऊन निघायचं आणि रात्री घरी जेवायचं, त्याला. दोन वर्षांनी त्याच्या सीव्हीत 'अनुभव' दिसतो, तुझ्या सीव्हीत दिसत नाही, आणि सगळे म्हणतात तो हुशार. तुझ्यात काही कमी आहे म्हणून हे होत नाही, दार कोणासाठी उघडं ठेवलंय त्यावर ते ठरतं, आणि वर्गात आपण जे शिकतो ते हेच.

म्हणून माझं मत, यावर्षी जाऊ नकोस. पण नुसतं 'जमणार नाही' असंही कळवू नकोस, त्यांना विचार. प्रवासखर्च किंवा थोडं मानधन देता येईल का? काही काम मालवणातून होईल का, म्हणजे मुलाखतींच्या रेकॉर्डिंगवरून लेखी उतरवणं, फॉर्मची डेटा एन्ट्री, कोकणातली एखादी पाहणी? आणि हे दोन्ही नसेल तर पुढच्या वर्षी परीक्षेनंतर घ्याल का? खूप संस्था मानधन देत नाहीत कारण कोणी मागतच नाही, आपली मुलं तर विचारायलाही लाजतात. नाही म्हणाले तरी तुझं नाव त्यांच्या लक्षात राहील. (हे वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी: घरून खर्च कर्जाशिवाय निघत असेल, राहायला नीट जागा असेल आणि संस्था तुमच्याच आवडीच्या विषयात काम करणारी असेल तर जरूर जा, मी सरसकट नको म्हणत नाहीये.)

आता तुझं ते वाक्य, 'गावात तर काहीच नाही'. त्यावर मला जास्त बोलायचंय.

2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रात दर हजार पुरुषांमागे 929 स्त्रिया होत्या. रत्नागिरीत 1,122 आणि तुझ्या सिंधुदुर्गात 1,036. आणि 2001 ते 2011 मध्ये राज्याची लोकसंख्या वाढत असताना या दोन जिल्ह्यांची चक्क कमी झाली. पुस्तकात हे टेबल असतं, परीक्षेला येतं, आपण पाठ करतो. पण हे टेबल म्हणजे तुझी वाडी आहे गं. बंद घरं, मे महिन्यात आणि गणपतीत उघडणारी. पिढ्यान् पिढ्या मुंबईला गेलेले चाकरमानी, आधी गिरणीत, मग संप झाल्यावर मिळेल तिथे. मागे राहिलेल्या बायका आणि म्हातारी माणसं. आणि दुसऱ्या बाजूने, आंब्याच्या बागा राखायला आणि बोटीवर खलाशी म्हणून नेपाळहून आलेली माणसं. आपली माणसं बाहेर का जातात आणि बाहेरची माणसं इथेच कामाला का येतात, या एका प्रश्नावर कोणी आयुष्य घालवेल. तुझ्या पुस्तकात डॉ. गोविंद सदाशिव घुर्ये यांचं नाव आहेच. मुंबई विद्यापीठाचा समाजशास्त्र विभाग 1919 मध्ये सुरू झाला आणि 1924 पासून घुर्ये त्याचे प्रमुख, इरावती कर्वे, एम. एन. श्रीनिवास हे त्यांचे विद्यार्थी. ते घुर्ये 1893 मध्ये जन्मले मालवणात. म्हणजे 'मालवण आणि समाजशास्त्र यांचा काय संबंध' असं तुला कोणी म्हटलंच तर हे सांग.

आता अगदी जवळचं बघ. तुझी आई जिथे बसते तो बाजार. लिलावात पाटी कितीला गेली, पैसे रोख दिले की व्यापाऱ्याकडून उचल घेतली, बर्फाला किती गेले, रिक्षाला किती, संध्याकाळी उरलेल्या बांगड्याचं काय केलं, उधारीची वही कोण लिहितं, ती की घरातला मुलगा? मच्छीमार सोसायटीत सभासद कोण, नवरा की ती? मच्छीमारांनाही किसान क्रेडिट कार्ड 2018-19 पासून लागू झालंय, ते बाजारातल्या किती जणींना माहिती आहे, किती जणींनी अर्ज केला, कुठे अडला? आणि जून-जुलैत ताजी मासळी नसताना खारे बांगडे, सुकी सुंगटां (कोळंबी) विकून किती निघतं, की सोनं गहाण पडतं? हे सगळं तू लहानपणापासून बघतेस म्हणून तुला 'काहीच नाही' वाटतं. मुंबईहून आलेला संशोधक हीच माहिती गोळा करायला हॉटेलात राहतो आणि त्याला मालवणी कळत नाही.

पण नुसतं चार बायकांशी बोललं म्हणजे इंटर्नशिप झाली असंही नाही हां. इंटर्नशिप म्हणायची तर ते काम कोणाला तरी खरंच हवं असलं पाहिजे, ते तपासणारं आणि चुका काढणारं कोणीतरी पाहिजे, आणि शेवटी हातात लिहिलेलं काहीतरी पाहिजे. हे तिन्ही गावात जुळवता येतं.

सगळ्यात आधी कॉलेज. नवीन शैक्षणिक धोरणात बीएलाही फील्ड प्रोजेक्ट, कम्युनिटी एंगेजमेंट आणि ओजेटीला (ऑन जॉब ट्रेनिंगला) क्रेडिट आहेत. बऱ्याच ठिकाणी हे फाईल भरून संपवलं जातं, आणि मला याचा मनापासून राग येतो, कारण गावाकडच्या मुलांना फुकट मिळणारी हीच एक संधी असते. तू आत्ताच सरांना किंवा मॅडमना जाऊन सांग की मला हे खरं करायचंय, विषय माझ्याकडे आहे, मार्गदर्शक म्हणून तुम्ही राहा आणि संस्थेच्या नावाने मला कॉलेजचं पत्र द्या. कॉलेजचं पत्र हातात असलं की सरकारी ऑफिसात खुर्ची मिळते, एरवी 'साहेब नाहीत' ऐकून परत यावं लागतं.

मग काम कोणाला हवंय ते शोधायचं. पंचायत समितीत 'उमेद'चा, म्हणजे बचत गटांच्या सरकारी अभियानाचा, तालुका कक्ष असतो, आणि गावातली सीआरपी ताई (गटांचं काम बघणारी गावातलीच बाई) तुझ्या आईला नावाने ओळखत असेल. बचत गटांनी काढलेल्या कर्जातून कोणते धंदे टिकले आणि कोणते बंद पडले, याची माहिती त्यांना पाहिजेच असते पण फिरायला माणूस नसतो. 'माविम'चंही (महिला आर्थिक विकास महामंडळाचंही) तसंच. ग्रामपंचायतीत विकास आराखडा दरवर्षी करायचा असतो, ग्रामसेवक एकटे किती करणार? ग्रामसभेच्या आधी महिला सभा घ्यायची असते, पुढची ग्रामसभा 15 ऑगस्टच्या सुमारास धर, तर त्याआधीच्या महिला सभेत कोण आलं, कोण बोललं, काय मागितलं आणि त्यातलं आराखड्यात काय उतरलं, एवढंच नीट नोंदवलंस तरी चांगला अभ्यास होतो. संस्था हव्या तर झारापची भगीरथ ग्रामविकास प्रतिष्ठान आहे, देवरुखची मातृमंदिर आहे, चिपळूणची सह्याद्री निसर्ग मित्र आहे जिच्या कामातून वेळासचा कासव महोत्सव उभा राहिला. वेंगुर्ल्याला मांडवी खाडीत बचत गटातल्या बायका कांदळवन सफारी चालवतात. या सगळ्यांकडे इंटर्नची जाहिरात असते असं नाही, आपण जाऊन विचारायचं असतं.

आणि विचारताना 'मला इंटर्नशिप द्या' असं लिहू नकोस, कोणीही वाचत नाही. असं काहीतरी लिही: "नमस्कार, मी अमुक कॉलेजची समाजशास्त्राची टीवायची विद्यार्थिनी, राहणार अमुक. मालवणी चांगली येते, आई मासे विकते त्यामुळे बाजारातल्या महिलांशी ओळख आहे. जून-जुलैमध्ये आठवड्याला तीन दिवस देऊ शकते. मासेविक्रेत्या महिलांचे पावसाळ्यातले उत्पन्न आणि कर्ज यावर माहिती गोळा करून मराठीत अहवाल देईन. तुम्हाला याचा उपयोग असेल, किंवा याऐवजी दुसरी माहिती हवी असेल, तर भेटायला येऊ का?" एवढंच. व्हॉट्सॲपवर पाठव, चार दिवसांनी फोन कर, तरी नाही झालं तर समोर जाऊन उभी राहा.

बघ, ज्या पावसाळ्यात तुला मुंबईला जायचं होतं तोच तुझ्या विषयाचा सीझन आहे.

आता एक अडचण सांगते, जी तुला कोणी सांगणार नाही. आईच्या शेजारी बसणारी मावशी तुला खरं सांगेलच असं नाही. ती तुला लहानपणापासून ओळखते, म्हणूनच सोनं गहाण ठेवलंय हे तुझ्यासमोर बोलणार नाही, उद्या तुझ्या घरात विषय निघेल अशी भीती असते. त्यामुळे अर्धं काम तरी दुसऱ्या बाजारात कर, देवगड नाहीतर वेंगुर्ला, जिथे तू कोणाची मुलगी नाहीस. दोन्हीकडच्या उत्तरांत फरक येतो का ते बघ, आला तर तो लिही, रिपोर्टमधला सगळ्यात चांगला भाग तोच होईल. पर्ससीन (यांत्रिक बोटींची मोठी जाळी) आणि रापण या भांडणात तर तुझं घर एका बाजूला आहे. त्या विषयाला हात घातलास तर पहिल्याच पानावर लिहून टाक की माझे वडील रापणीला जातात. लपवलंस तर कोणीतरी विचारेल, आधीच सांगितलंस तर लोक विश्वास ठेवतील.

कोणीतरी नक्की म्हणेल, "ह्या लिवान आमका काय गावतला गो?" म्हणजे हे लिहून आम्हाला काय मिळणार? त्या प्रश्नाला खोटं उत्तर देऊ नकोस. योजना मिळवून देते असं अजिबात म्हणायचं नाही. मी शिकतेय, हा अहवाल अमुक ऑफिसला जाणार आहे, तुमचं नाव येणार नाही, नको असेल तर सांगू नका, असं साध्या मालवणीत सांग. कोणाच्या रेशनकार्डाचा, आधारचा फोटो मोबाईलमध्ये घेऊन ठेवू नकोस. रोज रात्री वहीत तारीख घालून लिही, कोण काय बोललं, कोण गप्प बसलं, तुला काय वाटलं. फॉर्मसाठी कोबो टूलबॉक्स नावाचं फुकट ॲप आहे, रेंज नसली तरी चालतं, नंतर रेंज आली की डेटा वर जातो. कोकणात हे किती महत्त्वाचं ते तुला सांगायला नको. मोठ्या मोठ्या सर्वेक्षणात हेच वापरतात, त्यामुळे सीव्हीत लिहिता येतं. आणि एक्सेल शीक, बेरीज-सरासरी, पिव्होट टेबल, साधा चार्ट, युट्यूबवर मराठीत आहे सगळं.

शेवटी दहा-बारा पानं मराठीत आणि एक पान इंग्रजीत. इंग्रजीची जी भीती तू पत्रात शेवटी एका ओळीत लिहून खोडलीस, तिचा इलाज तूर्त एवढाच, ते एक पान सरांकडून तपासून घ्यायचं आणि त्यावर तोंडी बोलायचा सराव करायचा. सगळं इंग्रजी आत्ता यायची गरज नाही, स्वतःच्या कामाबद्दल पाच मिनिटं बोलता आलं की पहिली मुलाखत निघते. सीव्हीत 'सामाजिक सर्वेक्षणाचा अनुभव' असं मोघम लिहू नकोस. किती बाजार, किती जणी, कोणत्या भाषेत बोललीस, काय सापडलं, अहवाल कोणाला दिला, खाली त्या व्यक्तीचं नाव आणि नंबर, तिला विचारून. याच्यासमोर 2,999 चं सर्टिफिकेट टिकत नाही.

समाजशास्त्र घेऊन चुकलं का? नाही. पण गोड बोलून तुला फसवणारही नाही, नुसत्या बीएवर नोकरी समोरून येत नाही, आणि या क्षेत्रातला पहिला पगार छोटाच असतो. समुपदेशक, मेडिकल सोशल वर्कर अशा बऱ्याच जाहिरातीत एमएसडब्ल्यू (समाजकार्यातली मास्टर्स) मागतात, बीए समाजशास्त्र चालत नाही, हे तिसऱ्या वर्षातच माहिती असलेलं बरं. संशोधनाकडे जायचं तर एमए, आणि तिथे मुंबई विद्यापीठाचा कलिन्याचा विभाग आहे, टिस (टाटा सामाजिक विज्ञान संस्था) आहे ज्यासाठी सीयूईटी-पीजी ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते, लोकसंख्येत रस वाटला तर देवनारची आयआयपीएस (लोकसंख्या अभ्यासाची संस्था) आहे. यूपीएससीला समाजशास्त्र ऑप्शनल घेता येतो, पण फक्त त्या आशेवर चार वर्षं घरी बसू नकोस, सोबत काहीतरी चालू पाहिजे.

माझा कल विचारशील तर डिग्रीनंतर एक वर्ष काम आणि मग एमए. एका वर्षात कळतं की आपल्याला गावोगाव फिरायला आवडतं की डेटा घेऊन बसायला. आणि त्या वर्षासाठी पैसे मिळणारे रस्ते आहेत. राज्याची मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना 2024 मध्ये आली, पदवीधरांना महिन्याला 10,000 रुपये असं जाहीर झालं होतं. केंद्राची पीएम इंटर्नशिप योजनाही 2024 चीच, तेव्हा वय 21 ते 24, महिन्याला 5,000 आणि सुरुवातीला एकदा 6,000 असं जाहीर झालं होतं. तेव्हाच्या अटींप्रमाणे दोन्ही शिक्षण चालू असताना मिळत नव्हत्या, म्हणून तुझ्यासाठी त्या पुढच्या वर्षीच्या. तेव्हा अर्ज चालू आहेत का, अटी बदलल्यात का, हे जिल्ह्याच्या कौशल्य विकास व रोजगार कार्यालयात जाऊन विचार, फॉरवर्ड आलेल्या मेसेजवर विश्वास ठेवू नकोस. एसबीआय यूथ फॉर इंडिया, गांधी फेलोशिप या फेलोशिपही पदवीनंतरच्या. मुख्यमंत्री फेलोशिपला 60 टक्के आणि एक वर्षाचा अनुभव लागतो, म्हणजे टीवायचे मार्क सांभाळ, बाजारात फिरायच्या नादात लेक्चरं बुडवू नकोस.

आणि आत्ता मे महिना आहे, अर्धी वाडी मुंबईहून आलेली असेल. त्यात कोणी एचआरमध्ये असेल, कोणी हॉस्पिटलात, कोणी एखाद्या संस्थेत. पडवीत बसून गप्पा चालू असतात तेव्हा जाऊन विचार की तुमच्याकडे बीएवाल्यांना काय काम असतं, पहिल्या वर्षी किती देतात, कोणाशी बोलू. नोकरी मागायची नाही, माहिती विचारायची, माहिती द्यायला कोणी नाही म्हणत नाही.

काकीला उत्तर द्यायची गरज नाही, आणि तिचा राग पण करू नकोस. तिने ज्या पोरांना बीए होऊन घरी बसलेलं बघितलंय त्यावरून ती बोलते. बाबांशी मात्र नीट बोल. 'तुमच्याकडे पैसे नाहीत म्हणून जात नाही' असं म्हणालीस तर त्यांना लागेल. त्यांना सांग की यावर्षी इथे काम करते, पुढच्या वर्षी जाईन तेव्हा जिथे जाईन तिथे मानधन असेल, आणि तेव्हा सुरुवातीच्या महिन्याचं भाडं तुम्ही द्या. त्यांना मदत करायचीय, ती करू दे, फक्त होडी पाण्यात असताना. आईला सांग की लिलावाच्या वेळी दोन दिवस सोबत येते, वही घेऊन.

मुंबईच्या संस्थेला उत्तर या आठवड्यातच पाठव, ते तुझी जागा धरून बसलेत आणि तुझ्यासारखीच दुसरी कोणी थांबलेली असेल. कॉलेजात मॅडम सुट्टीवर जायच्या आत पत्रावर सही घे. जुलैअखेर अहवालाचा कच्चा मसुदा झाला की मला पाठव, मी वाचेन आणि जिथे पटणार नाही तिथे लाल पेनाने लिहीन.